‘प्लस एफ’ दूध आणि तेल: नाशिकच्या घरातल्या वाढत्या मुलांना डी जीवनसत्त्व खरंच किती मिळतं?

दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या पाकिटावर कोपऱ्यात एक छोटा शिक्का असतो: अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी ‘एफ’. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पोषकद्रव्यं घातलेल्या अन्नासाठी ही खूण ठरवली आहे. दूध आणि तेलाच्या बाबतीत तिचा अर्थ एकच, या मालात ए आणि डी जीवनसत्त्व वरून मिसळलेलं आहे. नाशिकरोडच्या किराणा दुकानापासून कॉलेज रोडच्या मॉलपर्यंत असा माल सगळीकडे मिळतो. आठवी ते बारावीतल्या मुलांच्या घरात तो घ्यावा का, आणि घेतला तर त्यातून नेमकं किती पदरात पडतं, एवढंच इथे तपासलं आहे. ब्रँडची नावं मुद्दाम टाळली आहेत. दूध-तेलात हे घालणं कंपनीला ऐच्छिक आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या एका रंगाच्या पिशवीवर शिक्का असतो आणि दुसऱ्या रंगाच्या पिशवीवर नसतो. नाव लक्षात ठेवण्यापेक्षा पिशवी उलटून वाचायची सवय जास्त उपयोगाची.

आधी गरज किती ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये डीची रोजची शिफारस ४०० वरून ६०० आययूवर नेली; आययू, म्हणजे इंटरनॅशनल युनिट, हे जीवनसत्त्व मोजायचं एकक. ६०० आययू म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, कारण एका मायक्रोग्रॅमचे ४० आययू होतात. हे ४० लक्षात ठेवाच. काही पिशव्यांवर आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो, काहींवर आययूमध्ये, आणि ‘२५’ छापलेली पिशवी ‘०.६’ छापलेल्या पिशवीपेक्षा भारी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही जवळपास सारख्याच. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या २४ टक्के मुलांमध्ये डीची कमतरता आढळली, तीही रक्ताच्या एका मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमच्या खालची कडक रेषा धरून. लहान मुलांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. हाडांची बहुतेक भरणी याच वयात, मुलींची साधारण अठरापर्यंत आणि मुलांची विशीपर्यंत होत असते, म्हणून हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही.

आता दूध. नियमानुसार लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम डी, म्हणजे २०० ते ३०० आययू. पिशवीवर १०० मिलिलिटरमागे २० ते ३० आययू किंवा ०.५ ते ०.७५ मायक्रोग्रॅम दिसलं तर माल नियमात आहे. सकाळचा एक पेला, जेवणातली वाटीभर दह्याची कवडी आणि रात्रीचा अर्धा पेला धरून मुलाच्या पोटात अर्धा लिटर गेलं, तर १०० ते १५० आययू मिळाले. रोजच्या गरजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. कमी वाटेल, पण त्यासोबत सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियमही येतं, आणि १३ ते १५ वयाच्या मुलांची कॅल्शियमची गरज १,००० मिलिग्रॅम असल्यामुळे दुधाचं खरं मोल तिथे आहे.

नाशिकमध्ये अडचण वेगळीच होते. इथल्या कितीतरी घरांत डेअरीवरचं सुटं म्हशीचं दूध येतं, आणि ‘पिशवीपेक्षा घट्ट, म्हणजे पोषक’ हा समज पक्का असतो. प्रथिनं, स्निग्धांश आणि कॅल्शियम यांच्या बाबतीत त्या दुधाला नावं ठेवायला जागा नाही. पण कुठल्याही जनावराच्या दुधात नैसर्गिक डी अगदी नगण्य असतं, आणि सुट्या दुधात कोणी वरून काही मिसळत नाही. घट्टपणाचा आणि डीचा संबंध नाही. ज्यांना सुटं दूध सोडवत नाही त्यांनी चहा, विरजण आणि लोण्यासाठी ते ठेवावं आणि मुलाच्या पेल्यासाठी अर्धा लिटरची शिक्क्याची टोन्ड पिशवी वेगळी आणावी. दोन भांडी तापवावी लागतात, एवढाच त्रास.

घरी आल्यावर या दुधाचं काय बिघडतं? उकळण्याने फारसं नाही. डी उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. बिघडतं ते सायीपाशी. डी स्निग्धांशात विरघळणारं असल्यामुळे त्यातला काही वाटा सायीबरोबर वर जातो. आपल्याकडे ती साय रोज काढून डब्यात साठते, आठवड्याने तिचं लोणी आणि मग तूप होतं, आणि मुलाच्या हाती उरलेलं पातळ दूध येतं. मुलाचा पेला साय काढण्याआधी, दूध ढवळून भरा. ‘साजूक तुपात सगळी जीवनसत्त्वं असतात’ या भरवशावरही राहू नका, घरच्या तुपातून मिळणारं डी गणतीत धरण्याइतकं नसतं. ताकाचंही तसंच: लोणी काढलेलं ताक उन्हाळ्यात उत्तम, पण डीच्या हिशेबात त्याची नोंद शून्याच्या आसपास. शिक्क्याच्या दुधाचं न घुसळलेलं दही मात्र पूर्ण धरा.

तेलाकडे लोकांचं लक्षच जात नाही, आणि इथेच आश्चर्य आहे. नियमानुसार एका ग्रॅम तेलात ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम डी असावं, म्हणजे १०० ग्रॅमला ४४० ते ६४० आययू. चौघांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल जातं असं धरलं, तर माणशी दिवसाला साधारण २३ ग्रॅम येतं. त्यातून १०० ते १४७ आययू, अर्धा लिटर दुधाइतकंच! दूध न आवडणाऱ्या मुलासाठी ही मोठीच सोय, कारण फोडणीला कोणी नाक मुरडत नाही. पण म्हणून तेल वाढवायचं नाही. आहे तेवढंच तेल शिक्क्याचं आणायचं. ही भर घालायला कंपनीला लिटरमागे रुपयाही लागत नाही, काही पैशांत भागतं, तेव्हा शिक्क्याच्या तेलासाठी जादा किंमत मागितली जात असेल तर ती दुसऱ्या कशाची तरी आहे असं समजा.

गेल्या काही वर्षांत नाशिकच्या गल्लोगल्ली लाकडी घाण्याची दुकानं झाली. समोर गाळलेलं शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं तेल मिळतं, वासाला छान आणि चवीला त्याहून छान. चटणीवर ओतायला, भाकरीबरोबर खायला त्याला तोड नाही. मात्र घाण्याच्या तेलात डी नसतं, कारण शेंगदाण्यात किंवा करडईतच ते नसतं. ज्या घराने रिफाइंड पूर्ण बंद करून घाण्याचं तेल सुरू केलं आणि त्याच सुमारास सुटं म्हशीचं दूध लावलं, त्या घरातल्या मुलाचे रोजचे २०० ते ३०० आययू कुणाच्या लक्षात न येता गेले. दोन्ही बदल आरोग्यासाठीच केलेले असतात, म्हणून हे जास्त खटकतं. आमचं मत: भाजी-आमटीच्या फोडणीला शिक्क्याचं तेल, वरून घ्यायला घाण्याचं. मधला रस्ता आहे, पण हिशेबात बसतो.

तेल साठवताना उजेड आणि हवा यांच्यापासून सांभाळा. ओट्यावर खिडकीशी ठेवलेली काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली दिसायला बरी, पण उजेडाने ए आणि डी दोन्ही हळूहळू नासतात. स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात आठवड्यापुरतं काढा आणि बाकीचं पाकीट अंधाऱ्या फडताळात ठेवा. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो, पत्र्याचा असल्याने उजेडही लागत नाही, पण चौघांच्या घरात तो पाच-साडेपाच महिने उघडाच राहतो. लिटरची पाकिटं बरी. तळणीचं उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवलं की जीवनसत्त्वं उडतात, शिवाय ते तेल आरोग्याला वाईटच. महिन्याच्या ३ लिटरमधलं एक लिटर दिवाळीच्या फराळात कढईत गेलं तर ते हिशेबातून वजा धरा.

बेरीज केली तर शाकाहारी घरात दूध आणि तेल मिळून २०० ते ३०० आययू. गरज ६०० ची. इथेच या मालाचा खरा निकाल लागतो: शिक्क्याचं दूध-तेल अर्ध्या वाटेपर्यंत नेतं, त्यापुढे नाही. ‘आम्ही फोर्टिफाइड घेतो, आता काळजी नाही’ हे म्हणणं चूक, आणि ‘त्याने काय होतंय’ हेही चूक.

उरलेली वाट काही घरांत अंडी-मासे थोडी कमी करतात. एका मोठ्या अंड्यात साधारण ४० आययू, आणि तेही सगळं पिवळ्या बलकात. जिम लावलेली अकरावी-बारावीची मुलं पांढरं खाऊन बलक टाकून देतात, त्यांना हे एकदा शांतपणे सांगायला हवं: डीसाठी तुम्ही टाकता तोच भाग कामाचा आहे. गावठी अंड्याचा गडद केशरी बलक बघून त्यात डी जास्त असं वाटतं, पण तो रंग कोंबडीच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांचा असतो, डीशी त्याचा संबंध नाही. ‘व्हिटॅमिन डी युक्त’ असं छापलेल्या महागड्या अंड्यांच्या डब्यावर एका अंड्यात किती आययू ते लिहिलेलं नसेल तर जादा पैसे देऊ नका. माशांमध्ये तारली आणि बांगडा हे तेलकट मासे निवडा. तारलीसारख्या माशात १०० ग्रॅमला २०० आययूच्या आसपास डी असतं. आठवड्यातून दोनदा खाल्लं तर रोजचे सरासरी ५०-६० आययू. पापलेटसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही, उलट स्वस्त तारलीच इथे सरस. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजणं चांगलं. कढईत बुडवून तळलं तर काही डी तेलात उतरतं आणि ते तेल आपण ओतून देतो.

मशरूमबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण शाकाहारी घरांसाठी हा एकच पदार्थ असा आहे की घरच्या घरी त्यातलं डी वाढवता येतं. बटन मशरूम अंधारात वाढवतात, म्हणून पाकिटातल्या मशरूममध्ये डी जवळजवळ नसतंच. पण चिरून उन्हात ठेवलं की त्यातला एर्गोस्टेरॉल हा घटक अतिनील किरणांनी डी-२ मध्ये बदलतो. २०० ग्रॅमचं पाकीट घ्या. धुऊ नका; ओल्या फडक्याने पुसा, पाणी लागलं की उन्हात ते चिकट आणि काळं पडतं. तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या करून स्टीलच्या ताटात एकाच थरात पसरा, एकावर एक नको. अकरा ते दोनच्या दरम्यान गच्चीवर अर्धा ते एक तास ठेवा. वर काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण घालू नका; काच हव्या त्या किरणांना अडवते आणि सगळी मेहनत फुकट जाते. माश्यांसाठी विरळ जाळी चालेल. कडा थोड्या सुकतात, रंग तपकिरी होतो, ते ठीक आहे. चांगल्या उन्हात १०० ग्रॅमला ४०० आययूच्या आसपास डी तयार होऊ शकतं, ढगाळ दिवशी किंवा डिसेंबरात बरंच कमी. लगेच शिजवा किंवा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. शिजवल्याने बहुतेक डी टिकतं, आणि फोडणीच्या तेलामुळे ते अंगी लागायला मदत होते. डी-२ रक्तातली पातळी टिकवायला डी-३ पेक्षा, म्हणजे उन्हाने आपल्या त्वचेत तयार होणाऱ्या प्रकारापेक्षा, थोडं कमी पडतं, तरी आठवड्यातून दोनदा हे केलं तर फरक पडतो. ज्या जैन घरांत मशरूम चालत नाही, त्यांच्यासाठी दूध, तेल आणि ऊन एवढेच मार्ग उरतात.

दुधात घालायच्या माल्ट पावडरी मात्र या कामासाठी घेऊ नयेत. त्यांत डी असतं हे खरं. पण घटकांची यादी वाचा: साखर पहिल्या दोन-तीन नावांत सापडते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं होतं, ते उगाच नाही. बदाम-सोयाच्या दुधावर डीचा आकडा छापलेला असेल तरच तो धरा. नाचणीत डी नाही, पण कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमच्या आसपास. एका भाकरीतून १५० तरी मिळतात. दोन चमचे तिळाच्या चटणीतून आणखी सव्वाशे. डी भरपूर असूनही कॅल्शियमच नसेल तर हाडात जाणार काय? म्हणून या दोन गोष्टी रोजच्या ताटात असाव्यात. नाचणी आंबवून आंबील केली किंवा मोड आणून सत्त्व काढलं तर कॅल्शियम अडवणारं फायटेट कमी होतं. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

उरलेले ३०० आययू उन्हातून यायला हवेत, आणि इथे ‘कोवळं ऊन’ या शब्दाने फार गोंधळ केला आहे. सकाळी सातच्या उन्हात त्वचेत डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन कामाचं. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. मे महिन्यात सकाळी दहालाच सावली आखूड असते, तेव्हा चाळिशीच्या उन्हात दुपारी जायची गरज नाही. डिसेंबरात मात्र अशी सावली साधारण पावणेबारा ते सव्वा एक एवढाच वेळ मिळते, आणि तेव्हाही ती उंचीपेक्षा जेमतेम आखूड असते. सकाळच्या शाळेची मुलं साडेबाराला सुटतात, दुपारच्या शाळेची त्याच सुमारास निघतात. दोघांनाही ही वेळ आयती सापडते, जर ती रिक्षात किंवा व्हॅनच्या बंद काचेआड गेली नाही तर. शेवटचे पंधरा-वीस मिनिटं हात कोपरापर्यंत उघडे ठेवून चालत यावं. सातला शाळा, तिथून घर, चार ते आठ गंगापूर रोडवर क्लास, रविवारी टेस्ट सिरीज असं वेळापत्रक असलेल्या मुलाच्या अंगाला आठवडाभर कामाचं ऊन लागत नाही, मग स्वयंपाकघरात कितीही काळजी घ्या. खिडकीशी अभ्यासाला बसवून हे भरून निघत नाही, काच आडवी येते.

सगळ्यात कच्चा काळ जुलै ते सप्टेंबर. आकाश ढगाळ, १ जूनपासून समुद्रात मासेमारी बंद, आणि मग श्रावणात अंडी-मासे दोन्ही बंद. या तीन महिन्यांत तरी शिक्क्याचं दूध आणि तेल खंडू देऊ नका, आणि ऊन पडेल त्या दिवशी मशरूमचं ताट गच्चीवर न्या.

तपासणीबद्दल. निरोगी मुलाची उगाच चाचणी करायची गरज नाही, बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचीही तशीच भूमिका आहे. पोटऱ्या-मांड्या दुखणं, जिना चढताना मांडीवर हात टेकावा लागणं, वजन खूप जास्त असणं किंवा फिटच्या गोळ्या चालू असणं, अशा वेळी डॉक्टरांना विचारून २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही रक्ताची चाचणी करा. उपाशीपोटी जावं लागत नाही. रिपोर्ट वाचताना एक फसगत होते: बऱ्याच लॅबच्या कागदावर ३० च्या खाली ‘अपुरं’ असं छापलेलं असतं, तर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते मुलांमध्ये २० च्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं आणि १२ च्या खाली कमतरता. बावीस आलेल्या मुलाचा कागद लाल अक्षरांत दिसतो आणि घर घाबरतं. एककही पाहा, नॅनोमोलमध्ये दिलेला आकडा अडीचने भागल्यावर नॅनोग्रॅम मिळतात.

खरोखर १२ च्या खाली असेल तर नुसत्या आहाराने पातळी वर यायला फार वेळ जातो, तिथे औषध लागतंच. ६०,००० आययूच्या पुड्या मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नका. ‘आठवड्यातून एक’ हे ‘रोज एक’ असं ऐकलं गेल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, अतोनात तहान आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. घरातल्या दोन मुलांना एकाच पाकिटातली पुडी वाटून देण्याचा प्रकारही टाळा. पुडी कुठल्या वारी घ्यायची ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि ती जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधातून द्या. आहारातले बदल औषध चालू असतानाच सुरू करा, पुड्या संपल्यावर पातळी तेच धरून ठेवतात. पुन्हा चाचणी साधारण तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, म्हणजे दोन कागद शेजारी ठेवून बघता येतील.